हंसराज
(ॲडिअँटम फिलिपेन्स, कुल : टेरिडेसी). पावसाळ्यात ओलसर, सावलीच्या कडेकपारींत उगवणारा नाजूक नेचा. लिनीअस यांनी 1753 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अहिल्यानगर जिल्ह्यात त्याची हक्काची जागा म्हणजे अकोले तालुक्यातील सह्याद्री : हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदऱ्याचा परिसर. देठ काळा, चकचकीत. पर्णिका अर्धचंद्राकृती, आणि त्यांवर पाणी ठरत नाही. बीजाणुकोश पर्णिकेच्या मागे दुमडलेल्या कडेखाली असतात. पानाचे लांबलेले टोक जमिनीला टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप तयार होते. खडकावर पसरण्याची ही युक्ती खरोखर विलक्षण आहे.

याच प्रजातीतील ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस जगभर चुनखडकाच्या पाझरत्या कड्यांवर आणि गुहांच्या तोंडाशी वाढतो. अकोल्याच्या डोंगरांतील गुहा व लेणी मात्र बेसाल्टमधील आहेत, चुनखडकातील नव्हेत. जुन्या बांधकामांतील चुन्याच्या दरजांतही नेचे रुजतात. म्हणून तटबंदी, बारवा आणि पाण्याची टाकी अभ्यासकाने नीट पाहावीत. पाऊस सरला की हंसराजाची पाने वाळतात, जमिनीलगतचे मूलक्षोड टिकते आणि पुढच्या पावसात पुन्हा पालवते.