अनवतीर्ण वृषणाच्या पिळाचे निदान : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : कोल्हापूर जिल्हा)

प्रस्तावना :
गर्भावस्थेत पोटात तयार झालेली वृषणे जन्मापूर्वी वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांत ती उतरलेली नसतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांपैकी बरीच उतरतात. उरलेली जांघेत अथवा पोटात राहतात. अशा वृषणाला पीळ पडल्यास त्याचा रक्तपुरवठा तुटतो. सुमारे ६ तासांत पीळ न सोडविल्यास वृषण निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणूनच वेळीच निदान होणे महत्त्वाचे ठरते.

निदानाची वाटचाल :
अठराव्या शतकात जॉन हंटर यांनी वृषणाच्या अवतरणाचा अभ्यास केला. पुढे १८४० मध्ये फ्रान्समधील देलासियोव यांनी वृषणाच्या पिळाचे पहिले वर्णन केले व ते अनवतीर्ण वृषणाचेच होते. मात्र कालांतराने सुजलेला, लालसर वृषणकोश हेच या आजाराचे परिचित चित्र बनले. अनवतीर्ण वृषणात वृषणकोश रिकामा असतो. वेदना जांघेत किंवा ओटीपोटात होते, उलट्या होतात. त्यामुळे अडकलेला हर्निया, जांघेतील गाठ किंवा अपेंडिक्सचा दाह असा समज होतो. १९३४ मध्ये प्रेन यांनी सांगितलेली वृषणकोश उचलून पाहण्याची खूण येथे निरुपयोगी ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किरणोत्सर्गी द्रव्याची तपासणी व त्यानंतर कलर डॉप्लर सोनोग्राफी आली. तथापि जांघेतील लहान वृषणाचा रक्तप्रवाह डॉप्लरवरही स्पष्ट दिसेलच असे नाही. दाट संशय असल्यास तपासणीसाठी न थांबता शस्त्रक्रिया करावी, हे तत्त्व म्हणूनच कायम राहिले.

कोल्हापूरचा संदर्भ :
‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय रुग्णालय होय. चंदगड तेथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. सहा तासांपैकी बराच काळ प्रवासातच जाऊ शकतो. अशा वेळी गावातील डॉक्टरांची पहिली तपासणी निर्णायक ठरते. पोटदुखीने रडणाऱ्या मुलाचे कपडे काढून दोन्ही वृषणे जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्यास यंत्र लागत नाही. संकोचामुळे हे पाहणे राहून गेले, तर पुढील सर्व साधने उशिरा उपयोगी पडतात.

निष्कर्ष :
निदानाची साधने बदलली, तरी रिकामा वृषणकोश व जांघेतील दुखरी गाठ ही जुनी खूण आजही तितकीच मोलाची आहे. जन्मानंतरच्या तपासणीत ही त्रुटी नोंदवून सहा महिन्यांनंतरही वृषण न उतरल्यास साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने ते जागेवर बसविणे, हा पिळाचा धोका कमी करण्याचा अधिक खात्रीचा मार्ग होय.