मशेरी सोडवणार कोण?

तंबाखू सोडवण्याची गोष्ट निघाली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो विडी-सिगारेट ओढणारा पुरुष. महाराष्ट्रापुरतं तरी हे चित्र वस्तुस्थितीला धरून नाही. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर चघळणारे, दाढेखाली धरणारे आणि दातांना लावणारे मिळून 24.4 टक्के. बायकांमध्ये चालते ती मुख्यतः मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटावर घेऊन दातांवर घासायची. सकाळी एकदा लावायची ती पुढे दुपारी आणि रात्रीही लागते. घरात ती दंतमंजन म्हणून आली, आईकडून किंवा सासूकडून शिकली गेली, आणि म्हणूनच तिला कुणी व्यसन म्हटलं नाही.

संशोधकांना हे ठाऊक नव्हतं, असं मात्र नाही. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल 1972 मध्ये प्रसिद्ध झाला आणि बायकांच्या मशेरीची नोंद त्यात आहे. 1996 मध्ये छापलेल्या मुंबईच्या पाहणीत पस्तिशीपुढच्या 57.5 टक्के स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या, जवळजवळ सगळ्या बिनधुराची. तरी 2002 मध्ये देशात तंबाखूमुक्तीची 13 केंद्रं निघाली आणि 2016 मध्ये मोफत दूरध्वनी सेवा आली, तेव्हा त्या मदतीची रीत एकच राहिली: ज्याला सोडायचं आहे त्याने यावं, नाहीतर फोन करावा. आपल्याला व्यसन आहे हेच जिला माहीत नाही, ती फोन का करील? याहून वेगळी वाट आधीच चोखाळलेली होती. मेहतांच्याच गटाने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात केरळ, गुजरात आणि आंध्रमधल्या 36,000 तंबाखू वापरणाऱ्यांची तोंडं घरोघर जाऊन तपासली, प्रत्येकाला समजावलं, आणि वर्षावर्षाने पुन्हा भेटी दिल्या. केरळच्या एर्नाकुलममध्ये सोडणारे तुलनेच्या गटापेक्षा जास्त निघाले, तोंडातले पांढरे चट्टेही कमी उद्भवले. मदत उंबऱ्यापर्यंत गेली की फरक पडतो, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

यावर कुणी म्हणेल, सरळ बंदी घाला. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण मशेरी घरच्या चुलीवर होते, तिच्यावर छापा कुठे घालणार? कुणी म्हणेल, मनावर घेतलं की सुटते. काहींची सुटते, हे खरं. पण दाढदुखीवर उतारा म्हणून किंवा पोट साफ व्हावं म्हणून जी लावते, तिला नुसता निर्धार पुरत नाही. तिच्या दाढेचा आणि पोटाचा इलाज त्याच भेटीत व्हायला हवा, शिवाय पहिल्या आठवड्यातल्या चिडचिडीत घरच्यांची साथ हवी. आणखी एक आक्षेप सहृदय आहे: कष्टकरी बाईचा एवढाच विरंगुळा कशाला हिरावायचा? मुंबईतल्या 1,217 गर्भवतींच्या अभ्यासात, तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनी कमी भरलं. विरंगुळ्याची ही किंमत तिला कुणी सांगितलेलीच नसते.

म्हणून आशाताईंना आणि प्रसूतिगृहांतल्या परिचारिकांना विनंती आहे. गर्भवतीची नोंद करताना ‘धूम्रपान करता का?’ एवढ्यावर थांबू नका. मशेरी लावता का, हे नाव घेऊन विचारा, पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. सोडायची म्हणाली तर त्या मोफत दूरध्वनी सेवेचा 1800-11-2356 हा क्रमांक तिच्यासमोरच लावून द्या.