हॅम्लेटचे वेड, कोल्हापूर प्रकरण आणि 'विकारविलसित'

'हॅम्लेट'च्या अभ्यासात नायकाचे वेड खरे की सोंगाचे, या प्रश्नापाशी विद्यार्थी बहुधा अडून राहतो. टीकाकारांनी त्याचा इतका काथ्याकूट केला आहे की त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न दृष्टीआड होतो. राजपुत्र वेडा आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तसे ठरल्याने कोणाचे साधते? हा प्रश्न उमगण्यास करवीरच्या विद्यार्थ्याला डेन्मार्कपर्यंत जाण्याचे कारण नाही.

दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले. पुढील वर्षी चौथे शिवाजी महाराज दत्तक म्हणून गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते. ते वयात येऊ लागले त्या सुमारास त्यांचे चित्त भ्रमिष्ट झाल्याचे सरकारपक्षाकडून सांगण्यात येऊ लागले. हे वेड छळामुळे उद्भवले, अशी लोकांत बोलवा होती. १८८१ च्या आरंभी निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. टीकेला आधार होता तो बर्व्यांच्या म्हणून समजल्या गेलेल्या पत्रांचा. ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी अब्रुनुकसानीचा खटला टळला नाही आणि १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले.

या तुरुंगवासात आगरकरांनी 'हॅम्लेट'चे मराठी भाषांतर केले. ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, २५ डिसेंबर रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर शिवाजी महाराजांचा अहमदनगर येथे अंत झाला. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते.

इतके जुळून आल्यावर आगरकरांचा चंद्रसेन म्हणजेच करवीरचे महाराज, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. महाराजांनी वेडाचे सोंग घेतले होते असे कोणी म्हटलेले नाही, आणि हॅम्लेटच्या हाती असलेले बोलण्याचे सामर्थ्य त्यांच्या वाट्याला आलेच नाही. शिवाय भाषांतराचे नावच दुसरीकडे बोट दाखवते. विकारविलसित म्हणजे मनोविकारांचा खेळ. शोकान्ताचे मूळ दरबारात नसून अंतःकरणात आहे, असे हे नाव सुचवते. राजाच्या वेडाविषयी लिहून कैदेत पडलेल्या लेखकाने ते द्यावे, हे नवल खरे. परंतु त्या नावाने नाटकाचा एक अर्धा भाग झाकोळतो, हेही नाकारता येत नाही. क्लॉडियस आपल्या पुतण्याच्या वेडाला भितो, त्यावर पहारा बसवतो, त्याच्या बालमित्रांना हेर करतो, आणि अखेर वेडाचेच निमित्त करून त्याला इंग्लंडला धाडतो. हा सारा राज्यकारभार आहे, केवळ मनोविकार नव्हे.

येथेच मूळ पद्याकडे वळावे लागते. शेक्सपिअरचा हॅम्लेट पोलोनियसशी किंवा हेर झालेल्या मित्रांशी वेड्यासारखा बोलतो तेव्हा तो गद्यात उतरतो. एकटा असताना, आणि बहुतेक वेळा होरेशिओशीही, तो पद्यातच बोलतो. हा नियम अपवादरहित नाही, कारण अभिनेत्यांना उपदेश करताना तो पूर्ण शहाणा असून गद्यात बोलतो. तरीही वाचकाला वाट दाखवण्यास तो पुरेसा आहे. तिसऱ्या अंकात आईच्या महालात हॅम्लेटला पुन्हा पित्याचे भूत दिसते, तिला मात्र काहीच दिसत नाही. ती त्याला भ्रम झाल्याचे म्हणते. त्यावर तो आपली नाडी पाहण्यास सांगतो, आणि बोललेले सारे शब्दशः पुन्हा म्हणून दाखवतो म्हणतो. हे बोलणे पद्यात आहे. नाडीचा ताल बिघडलेला नाही असे सांगणाऱ्याच्या पद्याचाही ताल सांभाळलेला आहे, म्हणजे शहाणपणाचा पुरावा छंदातच ठेवलेला आहे. 'विकारविलसित' हे मुख्यतः गद्य नाटक. त्यामुळे पद्यातून गद्यात होणारी ही उतरंड त्यात दिसू शकत नाही. यात भाषांतरकाराचा उणेपणा नाही. गद्याने रंगभूमीला मोठा लाभच झाला, आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांची चंद्रसेनाची भूमिका गाजली. मात्र वर्गात मूळ संहिता शेजारी ठेवल्यावाचून केवळ भाषांतरावर विसंबता येत नाही.

पत्रांचा मुद्दा राहिला. क्लॉडियसच्या मोहोरबंद लखोट्यात हॅम्लेटच्या वधाची आज्ञा असते. हॅम्लेट तो जहाजावर चोरून फोडतो, त्याजागी बनावट आज्ञापत्र लिहितो आणि पित्याच्या मुद्रेने मोहोर करतो. त्यात दोन मित्रांचा जीव जातो, आणि हॅम्लेटला त्याची खंत वाटत नाही. टीकाकार बहुधा हा प्रसंग कथानकाची सोय म्हणून ओलांडून जातात. ज्या भाषांतरकाराला बनावट पत्रांवर विसंबल्यामुळे तुरुंग पाहावा लागला, त्याच्या लेखणीखालून हा प्रसंग कसा उतरला आहे, हे पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाशी 'विकारविलसिता'तील तो भाग ओळीस ओळ ताडून पाहावे.