अवडंबर : ढोलातून भाषेत आलेला शब्द

फुगवलेल्या भाषेला मराठीत आपण ‘शब्दावडंबर’ म्हणतो. साध्या गोष्टीचा कोणी गाजावाजा केला, तर ‘अवडंबर माजवलंय’ म्हणतो. हा शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘आडंबर’ हे आधी एका वाद्याचं नाव, ढोलाच्या जातीतल्या. वाजसनेयी संहितेच्या 30व्या अध्यायात कोणासाठी कोणता माणूस नेमावा, अशी लांबलचक यादी आहे. तीत ‘शब्दा’साठी, म्हणजे आवाजासाठी, आडंबर वाजवणारा सांगितला आहे. शब्द आणि आडंबर यांची जोडी इतकी जुनी! पुढे त्याचा अर्थ सरकत वाद्यांच्या गजरावरून डामडौलावर आला. 7व्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त गौड देशातल्या काव्यावर शेरा मारला, की तिथे अक्षरांचा ‘डंबर’ असतो. समासांचे डोंगर रचणाऱ्या बाणाने हे म्हणावं, ही गंमतच.

इंग्रजीने हीच गोष्ट कापडातून सांगितली; भिवंडीकराला ती लगेच कळेल. ‘बॉम्बास्ट’ म्हणजे मुळात कापूस. 16व्या शतकात तिकडे अंगरख्यात कापूस भरून छाती फुगवीत. त्यावरून फुगीर भाषेलाही तेच नाव पडलं. ‘बॉम्बे’शी त्याचा संबंध नाही, बरं का.

मग अवघड शब्द वापरूच नयेत? असं आम्ही म्हणणार नाही. यंत्रमागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ देतात, नाहीतर सूत तुटतं. तत्त्वज्ञानातली, कायद्यातली परिभाषा ही अशी खळ आहे. विचार तुटू नये म्हणून ती लागते. पण खळीनेच वजन वाढवलेलं कापड पहिल्या धुण्यात उघडं पडतं.

यात नुकसान कोणाचं होतं? ‘उपरोक्त’, ‘सदरहू’, ‘अन्वये’ यांनी भरलेली नोटीस घेऊन माणूस समजावून सांगणारा शोधत फिरतो, आणि तिकडे मुदत सरत असते. ‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964’ने मराठी राजभाषा झाली, ती अशा माणसाला कळावी म्हणूनच ना? तेव्हा कोणताही मजकूर हाती आला, की कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, एवढं आधी वेगळं काढा. उरलेल्यातली जरुरीची परिभाषा बाजूला ठेवा. मग जे राहील, तो ढोल.