नाणं तराजूत घातल्यावर

माझ्या एमबीएच्या प्रकल्पाचं नाव इतकं लांबलचक होतं की मुखपृष्ठावर ते तीन ओळींत बसवावं लागलं. कंपन्यांचं भांडवल, पुंजभौतिकी, एन्ट्रॉपी आणि नेटवर्क ऑप्टिमायझेशन, सगळं एकाच सिद्धांतात. इंटरनेटवर असले व्हिडिओ मी महिनोन्‌महिने बघितले होते. जगातल्या सगळ्या गोष्टी शेवटी एकच आहेत, हे ऐकायला फार बरं वाटतं. रात्री दोन वाजता तर जास्तच.

एक प्रकरण माझ्या गावाबद्दल होतं. मी वणीची. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं आमचं गाव, नाशिक जिल्ह्यातलं. ३ ऑक्टोबर १६७० रोजी शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. जदुनाथ सरकारांनी या लुटीचा आकडा ६६ लाख रुपये दिला आहे. ती घेऊन मराठे बागलाणातून परत येत असताना दाऊदखान कुरेशीची मोगल फौज आडवी आली आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या टापूत लढाई झाली. महाराजांनी ऐवज लादलेली जनावरं घाटाच्या दिशेने पुढे काढून दिली आणि मोगलांना अडवायला घोडदळ मागे ठेवलं. मोगलांच्या आघाडीचा सरदार इखलासखान मियाना जखमी झाला, लूट सुखरूप निघून गेली.

मी यावर लिहिलं होतं, ‘हे सतराव्या शतकातलं नेटवर्क ऑप्टिमायझेशन होय.’ सोबत बाणांची आकृतीही होती.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पेनाची टोपी लावली आणि विचारलं, “हे नाव दिल्यामुळे आपल्याला आधी माहीत नसलेलं काय कळलं?”

मला उत्तर देता आलं नाही. जड सामान पुढे आणि चपळ माणसं मागे, हे आमच्याकडे द्राक्षाच्या क्रेट भरणाऱ्या पोरालाही कळतं. मी फक्त नवा सदरा घातला होता.

“कोसंबी वाच,” मॅडम म्हणाल्या. “आणि येताना काहीतरी मोजून आण.”

कोसंबींकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. वेगवेगळ्या शास्त्रांची मोट बांधणं हा काही वेडेपणा नाही. १९०० साली लुई बाशलिए नावाच्या तरुणाने पॅरिसमध्ये प्रबंध सादर केला. विषय होता शेअर बाजारातली सट्टेबाजी. भाव क्षणोक्षणी थोडा वर, थोडा खाली होतो. पुढचं पाऊल कुठे पडेल ते सांगता येत नाही, पण काळ जाईल तसा शक्यतांचा पसारा किती वाढेल ते सांगता येतं. त्याने त्याचं गणित मांडलं. पाच वर्षांनी आइनस्टाइनने पाण्यात भिरभिरणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी जवळजवळ तेच गणित मांडलं, आणि त्याने केलेल्या भाकितांची पडताळणी झाल्यावर अणू खरोखर असतात याबद्दलची शंका मिटली. १९७३ सालचं ब्लॅक आणि शोल्स यांचं ऑप्शनची किंमत काढायचं प्रसिद्ध समीकरण थोडी मांडणी बदलली की उष्णता पसरण्याचं समीकरण होतं. त्याच समीकरणात एक काल्पनिक संख्या आली की ते श्रोडिंगरच्या पुंजभौतिकीतल्या समीकरणासारखं दिसायला लागतं.

‘दिसायला लागतं’ हे शब्द महत्त्वाचे. त्या एका काल्पनिक संख्येमुळे इलेक्ट्रॉनच्या लाटा एकमेकींना पुसून टाकू शकतात. शेअरच्या भावाच्या दोन शक्यता एकमेकींना पुसत नाहीत, त्यांची नुसती बेरीज होते. चेहरा सारखा म्हणून माणूस तोच, असं नसतं. माझ्या प्रकल्पातली पुंजभौतिकी इथेच गळाली.

आता कोसंबी. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दामोदर हार्वर्डमध्ये शिकले, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन येऊन करायचे. आपल्यापैकी बहुतेकांना ते इतिहासकार म्हणून माहीत असतात, पण इतिहासात ते शिरले नाण्यांच्या वाटेने, हातात संख्याशास्त्र घेऊन.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. चांदीचा तुकडा कापून त्यावर ठसे मारलेले. नाव नाही, साल नाही, राजाचा चेहरा नाही. मग तक्षशिलेला सापडलेल्या ढिगातलं कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी ती वजन केली. आधी त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणी मोजली, कारण त्यांच्यावर साल असतं. टाकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात. मग ती हातोहाती फिरतात, खिशात घासतात, गल्ल्यात आपटतात. वर्षं जातात तसं त्यांचं सरासरी वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. एखादं लवकर झिजतं, एखादं पेटीत पडून राहतं. एकट्या नाण्यावरून काहीच सांगता येत नाही. शेकडो नाणी घेतली की त्यांच्या झिजेत काळ उमटलेला दिसतो.

बाशलिएच्या भावांचं आणि आइनस्टाइनच्या कणांचं जे होतं तेच इथे होतं, सरकणं आणि पसरणं. कुणी याला एन्ट्रॉपी म्हणेल. ढोबळपणे सांगायचं तर, आतून किती वेगवेगळ्या प्रकारे मांडणी होऊ शकते याचं ते माप. कोऱ्या नाण्यांच्या वजनाबद्दल आपण बिनधास्त पैज लावू, जुन्यांच्या बाबतीत लावणार नाही. हा वाढता बेभरवसा आपोआप उलटा फिरत नाही, म्हणून त्याच्यावरून काळाची दिशा ओळखता येते.

कोसंबींना आणखी एक गोष्ट सापडली. आहत नाण्यांच्या पाठीवर बारीक बारीक ठसे असतात. ते जितके जास्त, तितकं नाण्यांचं सरासरी वजन कमी. म्हणजे नाणं चलनात असताना कुणीतरी ते वेळोवेळी तपासून ठसा मारत असणार. कोसंबींच्या मते हे काम व्यापाऱ्यांचं. दोन हजार वर्षांहून जुन्या व्यापाराचं जाळं, आणि त्याचा हिशेब नाण्यांच्या पाठीवर. कुठली नाणी कुठल्या राजाची, याबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण मॅडमच्या प्रश्नाला इथे उत्तर होतं. उसन्या गणितामुळे आधी माहीत नसलेलं काहीतरी कळलं होतं.

मग मीही मोजायचं ठरवलं. आमचं वणीत किराणा दुकान आहे. गडाच्या यात्रेला गल्ल्यात नाण्यांचा पूर येतो आणि पप्पांना नाणी डब्यात साठवायची सवय. त्यातून मी १९९२ ते २००४ या काळातली दोन रुपयांची अकरा कोनांची नाणी निवडली. त्यांचं ठरलेलं वजन ६ ग्रॅम. सालवार पुरचुंड्या बांधल्या आणि ओळखीच्या सोनारकाकांच्या काट्यावर एकेक ठेवत बसले.

“सोनं संपलं का काय?” काकांनी विचारलं.

जुन्या सालांची नाणी बहुतेक हलकी निघाली. पण एक १९९४ चं नाणं २००३ च्या कित्येक नाण्यांपेक्षा जड भरलं, आणि मी तासभर खट्टू होऊन बसले. मग लक्षात आलं की पसरणं म्हणतात ते हेच. माझी नाणी फार थोडी होती, त्यांच्यावर सिद्धांत उभा राहणार नव्हता. तरी दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे असं काहीतरी होतं जे मला खोटं ठरवू शकत होतं.

कोसंबींची गोष्ट इथेच संपवली तर ती फसवणूक होईल. १९५९ मध्ये त्यांनी शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध छापला. संभाव्यतेची कल्पना मूळ संख्यांवर लावून रीमानचं गृहीतक सिद्ध झाल्याचा त्यांचा दावा होता. गणितातला हा सर्वांत अवघड प्रश्न आजही सुटलेला नाही. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांमध्ये त्यांचं नाव खराब झालं. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले, वय अवघं ५८.

माणूस तोच, बुद्धी तीच, एका शास्त्रातली कल्पना दुसऱ्यात नेण्याची हिंमतही तीच. नाण्यांच्या वेळी समोर काटा होता, तो चुकलं की लगेच सांगत होता. रीमानच्या वेळी तसा काटा नव्हता, तपासणारी माणसं हाच काटा, आणि तो त्यांनी टाळला असं मला वाटतं. पैशाच्या जगातही हे घडलं आहे. अर्थशास्त्राचं १९९७ चं नोबेल मिळालेले मर्टन आणि शोल्स ज्या फंडात भागीदार होते, तो पुढच्याच वर्षी बुडायला आला आणि १४ बँकांना मिळून सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले. समीकरण बरोबर होतं, पण बाजार समीकरणात धरल्यासारखा वागला नाही.

मी प्रकल्पाचं नाव एका ओळीत आणलं. वणीच्या लढाईची आकृती काढून टाकली, लढाई ठेवली. मार्क अपेक्षेपेक्षा कमीच पडले.

घरी पुरचुंड्या टेबलावर तशाच होत्या. त्या जपून ठेवायचा माझा विचार होता. पप्पांनी बघितलं आणि म्हणाले, “झालं ना मोजून? मग गल्ल्यात टाक. परवापासून यात्रा आहे, सुट्टे लागतील.”

मी एकेक पुरचुंडी सोडली. १९९४ चं ते जड नाणं संध्याकाळी नारळाच्या सुट्ट्या पैशांत गेलं, गडाच्या दिशेने.