तळटीप : ‘आजोबांचा गुत्ता’

गुत्ता म्हणजे इथे मक्त्याने चालणारे शिंदीचे दुकान. निजामी अमलात आबकारीचा मक्ता लिलावाने जाई. बोली जिंकणारा तो गुत्तेदार. दुकानात बसून मडक्यातली शिंदी मापून देणारा बहुधा त्याचा पगारी माणूस. लेखकाने दोघांना एकच धरले आहे, त्यामुळे आजोबा उगाच सावकार झाले आहेत! अशा दुकानाच्या आधारे नळदुर्गातले घराणे शोधायचे तर वरच्या कचेरीचे कागद उर्दूत आणि गावचे कुलकर्णी-दप्तर मोडीत. एकच माणूस दोन्हीकडे वेगळ्या नावाने भेटतो. विसाव्या शतकातल्या हैदराबादी कागदांवरचा फसली सन ऑक्टोबरात बदले. इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना त्यात ५९० मिळवावेत, पुढच्यांना ५९१. सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई म्हणूनच १३५७ फसलीत पडते. मात्र १८५३ ते १८६० नळदुर्ग इंग्रजांकडे होते, कर्नल मेडोज टेलर त्यातली काही वर्षे इथला अधिकारी. त्या सात वर्षांसाठी आधी इंग्रजी दप्तर पाहावे.