पब्लिक_एचटीएमएलची कुळकथा

बारामती एमआयडीसीत शेड असलेल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, "तुमची वेबसाइट ठेवलीय कुठे?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "पुण्याच्या एका पोरानं करून दिलीय, वर्षाला पैसे भरतो." पैसे कशाचे भरतो हे बघायला होस्टिंगचं सी-पॅनल उघडलं, तर फाइल मॅनेजरमध्ये मेल, लॉग्ज, टेम्प असल्या फोल्डरांच्या गर्दीत एक नाव दिसतं : पब्लिक_एचटीएमएल. या फोल्डरात टाकाल ते जगाला दिसतं, बाहेर ठेवाल ते दिसत नाही. अंडरस्कोअर मध्ये घातलेलं हे बोजड नाव १९९३ च्या सुमाराचं आहे, आणि ते आलं अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरातून.

त्या काळात सर्व्हर म्हणजे स्वतःचं यंत्र, असं कुणी समजत नसे. युनिक्सच्या एका यंत्रावर शेकडो जणांची खाती असत. एमआयडीसी प्लॉट, रस्ता, पाणी देते आणि शेड ज्याची त्यानं बांधायची. तसाच हा मामला होता. प्रत्येकाला एक होम डिरेक्टरी मिळे, तिच्यात तो राजा. यंत्राचा खरा मालक मात्र 'रूट', म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. १०२४ च्या खालचे पोर्ट त्याच्यासाठी राखीव. वेबचा ८० आणि त्याच्या तेव्हाच्या स्पर्धकाचा, म्हणजे गोफरचा ७० हे दोन्ही त्यातच येत. साध्या खातेदाराला आपला सर्व्हर चालवायचाच असेल, तर ८०८० सारख्या वरच्या पोर्टावर चालवावा लागे. ८०८० हा आकडा आजही डेव्हलपरांच्या बोटांवर आहे.

गोफरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण काही काळ बाजी त्याचीच होती. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली मार्क मॅकाहिल आणि मंडळींनी तो लिहिला. चित्रं नाहीत, नुसते मेनू. एक ओळ निवडली की पुढचा मेनू किंवा मजकूर. मांडायला इतका सोपा की भराभर पसरला. मग १९९३ मध्ये विद्यापीठानं सर्व्हरसाठी काहींकडून परवाना शुल्क घेण्याची भाषा केली, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेनं आपल्याकडे जन्मलेलं वेबचं तंत्र सगळ्यांना फुकट मोकळं केलं. लोक कुठे गेले ते वेगळं सांगायला नको. माझ्या मते गोफर तंत्रात कमी पडला नाही, पावती फाडायला गेला तिथे बुडाला.

इलिनॉयच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूलनं १९९३ मध्ये वेबसर्व्हर लिहिला, तेव्हा खातेदारांची ही अडचण त्याच्यासमोर होतीच. ८० नंबरचा पोर्ट अ‍ॅडमिनकडे, पण पानं टाकायची आहेत शेकडो जणांना. तोड साधी निघाली. पत्त्यात टिल्डा (~) आणि त्यापुढे खातेदाराचं नाव आलं, की सर्व्हरनं त्याच्या होममधल्या पब्लिक_एचटीएमएल फोल्डरात डोकवायचं. बाकीचं घर बंद. टिल्डा तरी का? युनिक्सच्या सी-शेलमध्ये तो आधीपासून होम डिरेक्टरीची खूण होता, आणि तिथे तो आला एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवरून. त्याच्या कीबोर्डवर 'होम' आणि टिल्डा एकाच बटणावर छापलेले होते.

फोल्डर केला म्हणून पान दिसेलच असं नाही. होमला ७११, फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ अशा परवानग्या द्याव्या लागत. सर्व्हर तुमच्या घरात परका माणूस. उंबरा ओलांडायची मुभा नसेल तर तो ४०३ म्हणजे 'मनाई' असं सांगून परत फिरे. सामाईक यंत्रावर शेजाऱ्याची परीक्षेची उत्तरंही असतात, तेव्हा ही कटकट योग्यच होती.

आपल्याकडे ही रीत शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट या जाळ्यातून आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेतून अमेरिकेशी ९६०० बिट प्रति सेकंद एवढी लाइन जोडली गेली होती. आजच्या मोबाइलचा तीन एमबीचा एक फोटो तिच्यावरून जायला चाळीस मिनिटांच्या वर लागले असते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या एका यंत्राचं नाव होतं मेघनाद. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांची पानं 'मेघनाद डॉट आयुका डॉट एर्नेट डॉट इन' आणि पुढे टिल्डा लावून नाव, अशा पत्त्यावर सापडत. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते व्हीएसएनएलमुळे, १५ ऑगस्ट १९९५ ला, आधी चार महानगरांत. पुढे पुण्याचं यंत्र आलं, 'जीआयएएस पीएन ०१'. स्वस्तातलं अकाउंट शेलचं : काळा पडदा, अक्षरं, चित्र एकही नाही. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला त्यासाठीही पुण्याला एसटीडी लावावा लागे, म्हणजे मोडेमच्या किरकिरीला मिनिटाचा दर.

१९९७ च्या जानेवारीत एचटीटीपी १.१ आलं. ब्राउजर प्रत्येक मागणीसोबत साइटचं नाव सांगू लागला, त्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर शेकडो डोमेन ठेवता येऊ लागली. शेअर्ड होस्टिंगचा धंदा याच जोरावर स्वस्त झाला. टिल्डा पत्त्यातून गेला, फोल्डर मात्र नावासकट टिकला. डोमेन अजून जोडलेलं नसलं, की काही होस्टिंगवाले आजही टिल्डावाला तात्पुरता पत्ता काढून देतात.

म्हणून आपली साइट असलेल्या कारखानदारांना एक विनंती. कधीतरी स्वतः लॉगिन करून हा फोल्डर उघडा. करून देणाऱ्यानं डेटाबेसचा बॅकअप किंवा जुन्या कोटेशनांची झिप तिथेच टाकून ठेवलेली असू शकते, आणि ज्याला तिचं नाव अचूक सुचेल तो ती सहज उतरवून घेईल. असली फाइल सापडली, तर ती आजच एक पायरी वर, फोल्डरच्या बाहेर हलवा.